गार्डन सबर्बमधली घरं मागून बघायची

इन्स्टावर लंडनमधलं हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब सर्च करून बघा, एकच फोटो शंभर वेळा समोर येतो. पांढरा खडबडीत गिलावा, वर लालसर तपकिरी कौलं, बारक्या बारक्या काचांच्या खिडक्या, दारावर गुलाबाचा वेल, पुढे नीट कापलेलं हेज आणि खाली कॅप्शन, परीकथेतलं घर. आता दिसतंच तसं, नाही कोण म्हणतंय. पण ही घरं गोड दिसावीत म्हणून बांधली असं धरून चाललं की सगळी मजाच जाते, कारण त्या गोडव्यातला बराचसा भाग चक्क पैशांच्या हिशोबातून आलाय, रस्त्याला खडी किती लागेल, कंपाउंडच्या भिंतीऐवजी झुडपं लावली तर किती सुटतील, सहा घरांवर मिळून एकच छप्पर टाकलं तर किती लाकूड वाचेल असल्या हिशोबातून. आणि हा हिशोब समोरून फोटो काढून कळत नाही, त्यासाठी घराच्या मागे जावं लागतं.

मी आर्किटेक्ट नाही हे आधीच सांगते. लंडनमध्ये राहते, रविवारी पायपीट करायची सवय आहे आणि दुसऱ्यांच्या घरांकडे बघत चालायची त्याहून जास्त सवय आहे, त्यातनं हे वेड लागलं. 

तर मागची बाजू. त्याच्या आधीची घरं कशी होती ते बघितल्याशिवाय हे कळणार नाही. इंग्लंडमध्ये 1875 चा पब्लिक हेल्थ अ‍ॅक्ट आला आणि त्याखाली ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी बांधकामाचे नियम केले, रस्ता अमुक इतका रुंद पाहिजे, प्रत्येक घराला मागे स्वतःचं आवार पाहिजे, खोलीला उघडणारी खिडकी पाहिजे वगैरे. आज लंडन, मँचेस्टर, लीड्स कुठेही गेलात तरी विटांच्या लांबच लांब सरळ चाळीवजा रांगा दिसतात ना, त्या बऱ्याचशा या नियमांतनं निघालेल्या. त्यांना नावं ठेवायची फॅशन आहे, पण त्याच्या आधी एकमेकांना पाठ लावून बांधलेली घरं होती, ज्यांना मागची बाजूच नव्हती आणि हवा इकडून आत आली तर तिकडून बाहेर जायला वाटच नव्हती, त्या मानाने ही घरं म्हणजे मोठी सुधारणा होती.

अडचण कुठे आली, तर बिल्डरने नियम पाळला आणि वर त्यातनं पैसेही काढले. रुंद फरसबंदी रस्ता महाग, म्हणजे रस्त्यावर येणारी घराची रुंदी जितकी कमी तितकं स्वस्त. मग घर पुढून अरुंद आणि आत खोल. पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि तरी जागा पुरत नाही म्हणून मागच्या खोलीला चिकटून अंगणात घुसणारी एक शेपटी, त्यात खाली मोरी आणि वर अजून एक बेडरूम. शेजाऱ्याचीही तशीच शेपटी. आता या दोन शेपट्यांच्या मधे जी मागची खोली उरली, जिथे बाई दिवसभर काम करणार, मुलं जेवणार, तिच्या खिडकीतनं दिसणार काय, तर अंधारी बोळकांडी आणि समोर ओली भिंत. एकराला 40 च्या आसपास घरं बसायची या पद्धतीने. आणि रस्ता पूर्व-पश्चिम आहे का दक्षिण-उत्तर याच्याशी कोणाला देणंघेणं नाही, एकच नकाशा सगळीकडे छापायचा, त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूची मंडळी उन्हात आणि दुसऱ्या बाजूच्यांची बैठकीची खोली जन्मभर सावलीत.

ही शेपटी कापायची हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं तो माणूस म्हणजे रेमंड अनविन. जन्म 1863, यॉर्कशरमधल्या रॉदरहॅमचा, लहानपण ऑक्सफर्डमध्ये, आणि तो शिकलेला आर्किटेक्ट नव्हताच मुळी, इंजिनिअर होता, डर्बीशरमध्ये कोळसा आणि लोखंडाच्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून खाणकामगारांच्या घरांचे नकाशे काढायचा. संध्याकाळी समाजवादी सभा, दिवसा शक्य तितकी स्वस्त घरं, म्हणजे डोक्यात काय चाललं असेल बघा. त्याचा पार्टनर बॅरी पार्कर, नात्यातलाच, आणि पार्करची बहीण एथेल ही अनविनची बायको, म्हणजे घरचंच प्रकरण. पार्करचा जीव दाराच्या कडीत, बिजागरीत, शेकोटीजवळच्या बाकड्यात. अनविनचा जीव आकडेमोडीत. ही जोडी जमली नसती तर एक तर नुसती सुंदर घरं झाली असती जी कोणाला परवडली नसती, नाहीतर नुसती परवडणारी झाली असती.

1902 मध्ये अनविनने फेबियन सोसायटी या समाजवाद्यांच्या मंडळासाठी एक छोटं पत्रक लिहिलं, कामगाराच्या कॉटेजचा नकाशा कसा असावा यावर. त्यात त्याचा सूर असा की बाकी सगळं नंतर, आधी ऊन. ज्या खोलीत माणसं दिवस काढतात तिच्यात ऊन आलंच पाहिजे, मग त्यासाठी ती खोली रस्त्याकडे आली तर रस्त्याकडे आणि बागेकडे गेली तर बागेकडे, समोरची बाजू आणि मागची बाजू हा भेदच नको. यॉर्कजवळच्या न्यू इअर्सविकमध्ये, जे जोसेफ राउन्ट्री या चॉकलेटवाल्याने 1902 पासून बांधायला घेतलं, तिथे पार्कर-अनविनने हेच करून बघितलं. काही ठिकाणी रस्त्यावरनं जाताना आपल्याला घराची कामाची बाजू दिसते आणि बसायची खोली पलीकडे दक्षिणेला बागेकडे तोंड करून असते. पाहुण्याला थोडं चमत्कारिक वाटतं, पण राहणाऱ्याला ऊन मिळतं.

आता शेपटी कापायची म्हणजे त्यातल्या खोल्या कुठेतरी घ्यायला लागणार. मग घर पुढून रुंद करायचं आणि आत उथळ, सगळं एका आयताकृती छपराखाली, प्रत्येक खोलीला एक तरी बाहेरची भिंत. पण घर रुंद झालं की प्रत्येक घरामागे रस्ता जास्त लागतो. आणि रस्ता नियमाप्रमाणे 40 फूट रुंद, पक्का, दोन्हीकडे फरशीचे फुटपाथ. म्हणजे खर्च गेला आभाळात. मग उपाय एकच, रस्ता स्वस्त करायचा. पाच-दहा घरांपुरत्या गल्लीतनं दिवसाला दोन गाड्या जाणार, तिला 40 फूट कशाला? मधे अरुंद रस्ता, बाजूला गवत, झाडं, बास. आता इथे कायदा आडवा येतो, कारण नियमाने असला रस्ता बेकायदा.

हॅम्पस्टेडची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. हेन्रिएटा बार्नेट नावाच्या बाई, नवरा सॅम्युएल बार्नेट व्हाइटचॅपलला पाद्री, दोघांनी लंडनच्या ईस्ट एंडच्या गरिबीत आयुष्य काढलेलं. हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या माळरानाच्या पलीकडे गोल्डर्स ग्रीनला भुयारी रेल्वे येणार असं कळलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आता इथेही त्याच रांगा उभ्या राहणार. मग त्यांनी आधी 80 एकर मोकळी जागा हीथला जोडून वाचवली आणि वर ईटन कॉलेजकडनं 243 एकर घेऊन तिथे सबर्ब बांधायचं ठरवलं, जिथे श्रीमंत, कारकून, कारागीर, म्हातारीकोतारी, एकट्या नोकरदार बायका सगळे राहतील आणि कामगाराला 2 पेनीच्या तिकिटात लंडनमध्ये कामावर जाता येईल. नियमही बाईंचेच, घरांना भिंती नाहीत तर हेज, रस्त्यांना झाडं, आणि आवाज नको, इतका नको की लोकांना त्रास होणार असेल तर चर्चची घंटासुद्धा नको. पब तर नाहीच. (आजही नाही. तहान लागली तर गोल्डर्स ग्रीन नाहीतर ईस्ट फिंचली गाठा.)

आणि या सगळ्यासाठी पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला, हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब अ‍ॅक्ट, 1906. त्यात सौदा असा की एकराला सरासरी 8 पेक्षा जास्त घरं बांधणार नाही, समोरासमोरच्या घरांत 50 फूट अंतर ठेवू, पण त्याच्या बदल्यात 500 फुटांपर्यंतच्या छोट्या गल्ल्या 20 फुटांच्या करायला द्या आणि बंद गल्लीही चालवून घ्या. म्हणजे आज ज्या बंद गल्लीत उभं राहून लोक सेल्फी काढतात ती गल्ली चक्क कायदा बदलून मिळवलेली आहे! 2 मे 1907 ला पहिली कुदळ पडली.

असमन्स प्लेस नावाची एक गल्ली आहे तिथे, कारागिरांसाठी बांधलेल्या भागातली, हे सगळं एका जागी बघायचं तर तीच बघावी. आत शिरायचा रस्ता एवढासा की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाने हसून मागे घ्यायची. दोन्हीकडे घरं, पण सुटी नाहीत, चार-सहा जोडलेली, फक्त तसं वाटत नाही कारण टोकाची घरं थोडी पुढे काढून त्यांना गॅबल, म्हणजे छपराच्या टोकाखालची तिकोनी भिंत, दिलेत आणि मधली घरं मागे सरकवलीत, त्यामुळे सगळी रांग मिळून जुना एखादा मोठा शेतवाडा असावा तशी दिसते. छप्पर एकच, लांब, उतरतं, काही ठिकाणी इतकं खाली येतं की पहिल्या मजल्याच्या खिडक्या छपरातनं डोकं वर काढतात. धुराडी दोन दोन घरांची एकत्र, एकच जाड विटांचा खांब. प्रत्येक गोष्टीत पैसे वाचलेत हो! जितकं छप्पर साधं तितकं लाकूड कमी आणि गळती कमी, गॅबल आणि कोपरे जितके जास्त तितका सुताराचा आणि सांध्यांवरच्या शिशाच्या पत्र्याचा खर्च जास्त, त्यामुळे गॅबल फक्त जिथे दिसायला हवा तिथेच. खडबडीत गिलाव्याचंही तेच. व्हॉयसीसारख्या आर्किटेक्टने श्रीमंतांच्या बंगल्यांना तो लावून फॅशनमध्ये आणलेला, पण इथे त्याचा अजून एक उपयोग, आत कसलीही स्वस्तातली वीट चालते. पुढून दिसणारी लाल गुळगुळीत वीट महाग, गिलाव्याखालच्या विटेचं तोंड कोण बघतंय.

आणि आता ती मागची बाजू. रांगेच्या मधे एक कमानीची वाट असते, दोन घरांच्या मधनं बोगद्यासारखी मागे जाणारी, वर बेडरूम आणि खाली वाट. ती मला या घरांतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. जोडघर असलं की मधल्या घरवाल्याने बागेत खत कसं न्यायचं, सायकल कुठून घालायची, कोळसा कुठून आणायचा, बैठकीच्या खोलीतून? जुन्या रांगांना त्यासाठी मागे घाणेरड्या गल्ल्या होत्या. इथे मागची गल्लीच काढून टाकली, ती जागा बागेला दिली आणि घरातल्या घरात वाट काढली. मी तिथे उभी होते तेव्हा एक आजोबा त्या बोगद्यातनं ढकलगाडीत हेजच्या फांद्या भरून बाहेर आले, भिंतीला दोन्हीकडे ढकलगाडी घासल्याच्या रेघा, कमरेच्या खाली, एका उंचीवर, किती वर्षांच्या कोण जाणे. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, मागे बघायचंय का. बघितलं. सपाट भिंत. शेपटी नाही, मोरीची खोली नाही, पाइपांचं जंजाळ नाही, पुढे आहेत तशाच झडपांच्या खिडक्या आणि समोर लांब बाग, सफरचंदाचं झाड, पलीकडे दुसऱ्या रांगेच्या बागा. सकाळचं ऊन सरळ आत.

1912 मध्ये अनविनने हाच हिशोब आकड्यांत मांडला आणि बिल्डरांच्या तोंडावर फेकला. समजा 10 एकर जागा. नेहमीच्या पद्धतीने 340 घरं बसतात, माझ्या पद्धतीने 152. बिल्डर म्हणणार, मेलो. पण 340 घरांच्या योजनेत बराच पैसा रस्त्यांतच गाडला जातो, आणि घरामागे जमीन मिळते जेमतेम 83 चौरस यार्ड, तर 152 च्या योजनेत 261, म्हणजे तिपटीहून जास्त, आणि त्यासाठी भाडेकरूला आठवड्याला जमिनीचे पडणार थोडेच पेन्स जास्त. जमीन महाग नसते, जमिनीवर ओतलेला रस्ता महाग असतो हे त्याचं म्हणणं. आता यात एक मेख आहे, हे गणित शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीला लागू पडतं, शहराच्या मध्यात नाही, आणि सगळ्यांनी असंच बांधलं तर शहर किती लांब पसरेल याचं उत्तर त्याने दिलं असलं तरी माझं त्याने समाधान होत नाही. पण एकराला 12 घरं हा आकडा त्याने लोकांच्या डोक्यात जो घातला तो पुढे पन्नास वर्षं निघाला नाही.

बरं, आत जाऊ या आता. आत दोन भांडणं होती, एक बाथटबचं आणि दुसरं पार्लरचं.

बाथटबचं आधी. त्या काळी कामगाराच्या घरात टब म्हणजे चैन, शनिवारी रात्री शेकोटीपुढे पत्र्याचं मोठं घंगाळ ठेवून एकामागोमाग एक सगळ्यांनी त्याच पाण्यात अंघोळ करायची. या नव्या गावांनी ठरवलं की प्रत्येक घरात टब पाहिजे. पण वेगळी खोली द्यायला जागा नाही, आणि गरम पाणी वर चढवायचं म्हणजे पाइपांचा खर्च. मग टब आला मोरीत, जिथे कपडे उकळायचा मोठा बंब आधीच बसवलेला, पाणी तिथेच तापणार. आणि दिवसभर त्यावर फळ्यांचं झाकण टाकलं की कामाचं टेबल तयार! बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलमध्ये, कॅडबरींच्या गावात, विल्यम अलेक्झांडर हार्वी या तरुण आर्किटेक्टने तर काय काय प्रकार केले, काही घरांत टब स्वयंपाकघराच्या जमिनीत खड्डा करून बसवला, वर झाकण, त्यावरनं चालायचं, काही ठिकाणी टब उभा करून कपाटात बंद करायचा आणि वापरायच्या वेळी खाली पाडायचा, काही ठिकाणी चूल, बॉयलर आणि टब असं सगळं मिळून पेटंट घेतलेलं एकच धूड. लहान फ्लॅटमध्ये भिंतीतला पलंग खाली पाडणारे आपण लोक, आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही खरं. पण मला सारखा प्रश्न पडतो की स्वयंपाकघरातल्या टबमध्ये घरातल्या मोठ्या मुलीने अंघोळ कधी करायची, याचा विचार या पुरुषांपैकी कोणी केला होता का.

पार्लरचं भांडण जास्त खोल आहे. पार्लर म्हणजे पुढची ठेवणीतली खोली. एरवी बंद. रविवारी, लग्नाला, पाद्री आला तर, आणि घरातलं कोणी गेलं तर तिथे ठेवायला. अनविनला ही खोली डोळ्यासमोर नको. एवढुशा घरात एक खोली आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद आणि माणसं मागे अंधारात दाटीवाटीने, हा काय मूर्खपणा, त्यापेक्षा दोन्ही एकत्र करा, पुढून मागपर्यंत आरपार एक मोठी खोली, दोन्ही बाजूंनी उजेड, एका टोकाला शेकोटी आणि तिच्याजवळ भिंतीतलं बाकडं. कागदावर शंभर टक्के बरोबर. फोटोतही फार सुंदर दिसते ती खोली. पण राहणाऱ्या बायकांना पार्लर पाहिजेच होतं. कारण ज्या घरात स्वयंपाक, धुणं, मुलं, ओले कपडे आणि नवऱ्याचे बूट सगळं एकाच खोलीत, तिथे निदान एक खोली अशी हवी जी आवरलेली आहे, जिथे दार उघडलं तर लाज वाटणार नाही, मुलाला अभ्यासाला शांत बसता येईल. मला विचाराल तर मी बायकांच्या बाजूने. अनविनने मोरिस आणि रस्किन हे मध्ययुगाचं कौतुक करणारे लेखक पचवले होते, त्याला मध्ययुगातल्या हॉलचं स्वप्न पडायचं, पण त्या हॉलमधली भांडी त्याला घासायची नव्हती. पुढे घरबांधणीवरच्या सरकारी कमिटीपुढे (तिचा रिपोर्ट 1918 चा) साक्षी झाल्या तेव्हाही बहुतेकांनी पार्लर मागितलं, आणि कमिटीला ते मान्य करावं लागलं, ज्या कमिटीत खुद्द अनविन बसला होता.

लेचवर्थचं लेचवर्थपण सांगायला वेगळी पोस्ट लागेल, ते सबर्ब नाही, अख्खं गाव आहे, एबेनेझर हॉवर्डच्या गार्डन सिटीच्या, म्हणजे बागांच्या शहराच्या कल्पनेतनं 1903 मध्ये सुरू झालेलं. पण 1905 चं प्रदर्शन सांगितल्याशिवाय राहवत नाही. विषय काय, तर 150 पौंडात कॉटेज बांधून दाखवा. खेड्यातल्या मजुराला परवडेल असं घर नियमांमुळे बांधताच येत नाही, ही तक्रार एका साप्ताहिकाच्या संपादकाने लावून धरली होती, त्यातनं हे निघालं. शंभरावर घरं उभी राहिली, 60,000 च्या वर लोक बघायला आले. लाकडाची, काँक्रीटची, गोल सुद्धा. त्यातलं एक विल्बरी रोडवर अजून आहे, लिव्हरपूलचे सिटी इंजिनिअर जॉन ब्रोडी यांनी काँक्रीटचे तयार स्लॅब आणून जोडलेलं, म्हणजे प्रीफॅब घर, 1905 मध्ये! हे तेच ब्रोडी ज्यांनी फुटबॉलच्या गोलला जाळी लावायची आयडिया काढली. आता यातली गंमत बघा, ज्या मजुरासाठी 150 पौंडाची घरं केली त्याला त्यांचंही भाडं जड, आणि लंडनच्या मध्यमवर्गीयांनी ती शनिवार-रविवारसाठी उचलली. हे पुढे सगळीकडेच झालं.

मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडतं ते पश्चिम लंडनच्या ईलिंगमधलं ब्रेंटहॅम. हॅम्पस्टेडइतका तिथे गाजावाजा नाही, आणि ते कोणा श्रीमंत बाईने किंवा चॉकलेटवाल्याने दिलेलं नाही, 1901 मध्ये ईलिंग टेनंट्स नावाची सोसायटी काढून भाडेकरूंनीच भागीदारीत बांधलेलं, मागे हेन्री व्हिव्हियन नावाचा सुतारकाम शिकलेला कामगार पुढारी. भागधारकाला व्याज मर्यादित, वरचा नफा भाडेकरूंकडे. काही रस्त्यांची नावंसुद्धा सहकार चळवळीतल्या लोकांची. आणि अभ्यासाला सोयीचं म्हणजे, यांची सगळ्यात पहिली घरं, व्हिव्हियन टेरेस, ही अगदी नेहमीसारखी सरळ रांग आहे, विटांची, रस्त्याला चिकटून, जवळून गेलात तरी लक्ष जाणार नाही. मग 1907 ला पार्कर-अनविनकडनं आराखडा आला आणि तिथून दोन-चार मिनिटं पुढे चालत गेलं की एकदम रस्ते वळायला लागतात, घरं मागेपुढे होतात, हेज येतं. कोपऱ्यावरची घरं बघा खास. जुन्या रांगेत कोपरा म्हणजे एक आंधळी भिंत आणि पुढे परसदाराचं कुंपण. इथे आर्किटेक्टने (बरंचसं काम पिअर्सन आणि नंतर सटक्लिफ यांचं) घरच तिरकं फिरवलंय, दोन्ही रस्त्यांकडे बघणारं, कोपऱ्यावर थोडं अंगण सोडून. तीच सोसायटी, तेच भाडेकरू, मधे सहा-सात वर्षं. म्हणजे डिझाइनने काय फरक पडला हे बघायला यापेक्षा सोपी जागा नाही.

राहायला कशी आहेत? ओळखीतल्या एकीचं घर आहे अशातलं, तिच्याकडे जाणं असतं. खाली छान, उजेड, बागेकडे दार. वर गेलं की उतरत्या छपराचा हिशोब चुकता करावा लागतो, तिच्या बेडरूममध्ये कपाट ठेवायला सरळ भिंतच नाही, दोन्हीकडे तिरकं, मधे तेवढं उभं राहता येतं. खिडक्यांच्या शिशाच्या पट्ट्या सैल झाल्यात, वारा आला की काचा वाजतात, हिवाळ्यात पडद्याला जाड अस्तर. डबल ग्लेझिंग करा म्हणाल तर हा कॉन्झर्वेशन एरिया, म्हणजे जुनं रूप जपायचा भाग, प्लास्टिकची चौकट लावली की पत्र आलंच. गिलावा पोकळ झाला तर तसाच, त्याच दाण्याचा करून द्यायला लागतो, आणि तसे गवंडी आता महाग. ही गल्ली कामगारांसाठी होती हे ती स्वतःच हसत सांगते, कारण आताची किंमत तुम्हाला माहितीच आहे, हॅम्पस्टेडमध्ये तर कारागिराच्या कॉटेजला दहा लाख पौंडाच्या वर मोजायला लोक तयार असतात. आणि एवढे पैसे देऊन घर घेतलं की पहिली इच्छा काय होते माहितीये? मागे एक्स्टेन्शन काढायची! मोठं किचन, काचेचं छप्पर, मधोमध सुटा ओटा. अनविनने जी शेपटी कापायला पार्लमेंटपर्यंत मजल मारली ती पुन्हा उगवायला बघते, आणि हॅम्पस्टेडच्या सबर्बची देखरेख करणारा ट्रस्ट ती अडवत बसतो. नवीन मालकांना राग येतो, पण मी म्हणते नकाशा बघा ना, मधली खोली अंधारी होणारच आहे तुमची.

ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं त्यांना ते वेगळ्या वाटेने मिळालं. 1918 चा तो कमिटीचा रिपोर्ट, ट्यूडर वॉल्टर्स या नावाने ओळखला जाणारा, त्यात हेच सगळं नियम म्हणून उतरलं, एकराला 12 घरं, समोरासमोर 70 फूट, रुंद पुढा, शेपटी नको, बंद गल्ल्या, प्रत्येकाला टब. 1919 च्या अ‍ॅडिसन कायद्याने नगरपालिकांनी त्याप्रमाणे घरं बांधायला घेतली आणि दोन महायुद्धांच्या मधे देशभर कौन्सिलच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्यावर गुलाबाचा वेल नाही, गॅबल कमी, लोक नाक मुरडून पुढे जातात, इन्स्टावर तर शून्य. पण नकाशा काढून बघा, असमन्स प्लेसचाच आहे.

कोणाला जायचं असेल तर: हॅम्पस्टेडसाठी गोल्डर्स ग्रीन स्टेशनवरून एच 2 ही छोटी बस सबर्बच्या आतल्या रस्त्यांतनं फिरते, पण खरं तर चालतच जा, हॅम्पस्टेड वेवरनं असमन्स हिल, मग असमन्स प्लेस, आणि शेवटी वर चौकात आर्किटेक्ट लचन्सची दोन चर्च, जी सुंदर आहेत पण तो चौक मला नेहमी रिकामा वाटतो, दुकान नाही, चहा नाही, माणूस नाही. ब्रेंटहॅमला हँगर लेन स्टेशनवरून चालत जाता येतं, पिट्शँगर लेनवर कॉफी मिळते. सकाळी जा, ऊन कुठल्या खोलीत पडतंय ते कळतं. आणि कमानीच्या वाटेत विचारल्याशिवाय शिरू नका, खाजगी आहेत.